शाळेतील बालसुरक्षा आणि दादागिरीला आळा: नव्या मुख्याध्यापकांसाठी मार्गदर्शन

मुख्याध्यापकपदाचा पदभार घेताना किल्ल्यांचा जुडगा, डेडस्टॉक रजिस्टर, पोषण आहाराचा शिल्लक साठा आणि सेवापुस्तके यांची मोजदाद होते. त्याच कपाटात ‘विद्यार्थी सुरक्षा’ असे लिहिलेली एक फाइलही असते आणि ती बहुधा सर्वांत शेवटी, तपासणीची तारीख लागल्यावर उघडली जाते. हा लेख ती फाइल पहिल्या आठवड्यातच उघडू इच्छिणाऱ्या नव्या अथवा प्रभारी मुख्याध्यापकांसाठी आणि ज्यांच्याकडे सुरक्षा समितीचे काम नुकतेच आले आहे अशा शिक्षकांसाठी आहे. संदर्भ महाराष्ट्रातील शाळांचा आहे; मात्र यात उल्लेखिलेले केंद्रीय कायदे गोव्यात आणि इतर राज्यांतील मराठी शाळांनाही तसेच लागू आहेत.

आधी माझे मत स्पष्टपणे मांडतो. शाळेचे सुरक्षा धोरण किती चांगले आहे हे फाइलमधील कागदांवरून ठरत नाही. मागच्या वेळी ज्या मुलाने तोंड उघडले, त्याचे पुढे काय झाले, हे सगळी शाळा पाहत असते. त्याला ओरडा बसला असेल, त्याचे नाव वर्गभर झाले असेल किंवा काहीच घडले नसेल, तर पुढची दोन वर्षे कोणीही काही सांगणार नाही. म्हणून पुढील प्रत्येक पायरी बोलणाऱ्या मुलाला सांभाळण्याच्या दृष्टीने वाचावी.

पहिली पायरी: घंटेप्रमाणे आवार फिरा

परिपत्रके वाचण्याआधी शाळा भरण्यापूर्वीची पंधरा मिनिटे, मधली सुट्टी, खेळाचा तास आणि शाळा सुटल्यानंतरचा अर्धा तास अशा चार वेळांना सलग आठवडाभर आवारात फिरावे. वर्गात शिक्षक असताना फारसे काही घडत नाही. जे घडते ते स्वच्छतागृहामागे, पाण्याच्या टाकीपाशी, जिन्याच्या वळणावर, सायकल लावण्याच्या जागी आणि व्हॅनच्या मागच्या आसनावर घडते.

मी एका शाळेत रुजू झालो तेव्हा सातवीच्या मुली स्वच्छतागृहाकडे नेहमी तिघी-तिघी जात आणि ‘गप्पा मारायला जातात’ म्हणून त्यांना रोज बोलणी बसत. चौथ्या दिवशी मी सेवक मावशींना तेथे जाऊन पाहण्यास सांगितले, तेव्हा कळले की आतली कडी गळून पडली होती. एक मुलगी आत जाई, दुसरी दार ओढून धरी आणि तिसरी पलीकडच्या भिंतीवरून डोकावणाऱ्या मोठ्या मुलांवर लक्ष ठेवी. काही मुली तर नको ते जाणे म्हणून सकाळपासून पाणीच पीत नव्हत्या. तीस रुपयांची कडी त्याच दुपारी बसवली आणि भिंतीपलीकडच्या जागी एका शिक्षकाची पाळी लावली. तोवर शाळेच्या सुरक्षा अहवालात ‘मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह: आहे’ एवढीच नोंद होती.

फिरून झाल्यावर पाचवीपासूनच्या प्रत्येक वर्गात शाळेचा साधा नकाशा वाटावा. त्यावर नाव न लिहिता, जिथे जायला नको वाटते त्या जागेभोवती मुलांनी गोल करावा, एवढेच सांगावे. वीस-पंचवीस कागदांवर एकाच जागी गोल दिसला, की पर्यवेक्षणाची पाळी कोठे लावायची हे वेगळे ठरवावे लागत नाही. पाळीच्या तक्त्यात जागा, वेळ आणि शिक्षकाचे नाव असावे. ‘सर्वांनी लक्ष ठेवावे’ या सूचनेचा अर्थ प्रत्यक्षात कोणीच लक्ष ठेवत नाही असा होतो.

दुसरी पायरी: तीन वाटा वेगळ्या ओळखा

नव्या मुख्याध्यापकांची सर्वांत मोठी चूक सगळ्या तक्रारी एकाच पद्धतीने ‘मिटवण्याची’ असते. शाळेत येणाऱ्या तक्रारींच्या तीन वेगळ्या वाटा आहेत आणि पहिल्या काही मिनिटांत आपण कोणत्या वाटेवर आहोत हे ओळखता आले पाहिजे.

पहिली वाट लैंगिक स्वरूपाच्या तक्रारीची. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे पॉक्सो, अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला आणि मुलीला संरक्षण देतो. त्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याची माहिती किंवा घडण्याची भीती ज्याला आहे, त्या प्रत्येकाने ती स्थानिक पोलिसांना अथवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आपल्या हाताखालील व्यक्तीविरुद्धची माहिती संस्थाप्रमुखाने दडवली, तर हा कारावास एक वर्षापर्यंत जातो. येथे शाळेला चौकशी करून खरे-खोटे ठरवण्याचा अधिकार नाही, संस्थाचालकांची परवानगी घेण्याची गरज नाही आणि पालक ‘नको’ म्हणाले तरी हे कर्तव्य टळत नाही. सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही, असे कलम १९ मध्येच म्हटले आहे. घाबरलेल्या सहकाऱ्यांना हे वाक्य जरूर वाचून दाखवावे. छळ करणाराही विद्यार्थीच असला तरी कळवावेच लागते. त्याचा विचार बाल न्याय मंडळ करील. बदलापूर येथील शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या ऑगस्ट २०२४ च्या घटनेत माहिती वेळेत न कळवल्याबद्दल शाळेशी संबंधित पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा नोंदवला गेला, हे प्रत्येक मुख्याध्यापकाने लक्षात ठेवावे.

दुसरी वाट मोठ्या माणसाने केलेल्या शिक्षेची अथवा अपमानाची. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. छडी, कोंबडा, उन्हात उभे करणे हे तर त्यात येतेच. परंतु वर्गासमोर ‘तुझ्या बापाने कधी शाळा पाहिली होती का’ असे विचारणेही त्यातच येते. अशा तक्रारीत संबंधित शिक्षकाला चौकशीच्या कामापासून दूर ठेवावे आणि वरिष्ठांना लेखी कळवावे.

तिसरी वाट मुलांनी मुलांना दिलेल्या त्रासाची, म्हणजे दादागिरीची. शालेय दादागिरीसाठी आपल्याकडे स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही, परंतु शाळा मोकळी आहे असेही नाही. रॅगिंगला मनाई करणाऱ्या महाराष्ट्राच्या १९९९ च्या अधिनियमात चिडवणे, शिवीगाळ, धमकी, इजा आणि विद्यार्थी एरवी स्वेच्छेने करणार नाही असे कृत्य करायला लावणे यांचा समावेश आहे. तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करावी, प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास पुढील कारवाई करावी, अन्यथा त्याने अपराधाला साहाय्य केले असे मानले जाईल, अशी त्यात तरतूद आहे. हा कायदा महाविद्यालयांच्या संदर्भातच आठवला जातो, पण वसतिगृह असलेल्या शाळांनी आणि आश्रमशाळांनी तो विशेष काळजीने वाचावा.

तिसरी पायरी: समित्यांना माणसे द्या

शाळा व्यवस्थापन समिती, सखी सावित्री समिती, विद्यार्थी सुरक्षा समिती, परिवहन समिती अशा समित्यांची यादी लांब आहे. मुलामुलींना शाळेत सुरक्षित वातावरण मिळावे यासाठीच्या सखी सावित्री समितीची रचना मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने ठरली आणि २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने त्या समितीबरोबरच तक्रारपेटी, सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि अनुचित प्रकार घडल्यास शिक्षणाधिकाऱ्यांना २४ तासांत कळवणे यांवर भर दिला. समितीचा फलक दर्शनी भागी लावलेला असतो. त्यावरील किती क्रमांक लागतात हे मात्र कोणी पाहत नाही. पदभार घेतल्यावर एका दुपारी प्रत्येक क्रमांक स्वतः लावून पाहावा. बदलून गेलेले पोलीस पाटील, मुलगी शाळा सोडून गेलेली पालक प्रतिनिधी, सेवानिवृत्त झालेल्या शिक्षिका अशी नावे त्या फलकावर सर्रास सापडतात.

त्याच फलकावर १०९८ हा बालमदत क्रमांक, ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत आणि पहिलीच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लिहावा. समितीची बैठक इतिवृत्तापुरती होऊ नये, यासाठी एक साधा उपाय आहे: प्रत्येक बैठकीचा पहिला विषय ‘मागील तक्रारींचा पाठपुरावा’ हाच ठेवावा.

चौथी पायरी: तक्रारपेटी योग्य जागी हलवा

मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर लावलेली पेटी सहसा रिकामीच राहते, कारण तेथे चिठ्ठी टाकणारे मूल शिपायाला, शिक्षकांना आणि तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्यालाही दिसते. पेटी अशा ठिकाणी असावी जेथे मूल रोज काही ना काही कारणाने जातेच आणि जेथे कॅमेऱ्याची नजर पेटीवर रोखलेली नाही. वाचनालयाचा कोपरा त्यासाठी चांगला असतो. पेटी एकट्याने उघडू नये, समितीच्या एका महिला सदस्येसमक्ष आठवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी उघडावी आणि निघालेली प्रत्येक चिठ्ठी, ती कोरी असली तरी, नोंदवहीत चढवावी. अक्षर ओळखून ‘ही कोणाची चिठ्ठी’ असा शोध कधीही घेऊ नये. ज्यांना लिहिता येत नाही अशा पहिली-दुसरीच्या मुलांसाठी पेटी निरुपयोगी आहे, म्हणून त्यांच्या वर्गशिक्षिकेने दर आठवड्याला प्रत्येकाशी दोन मिनिटे एकेकटे बोलण्याची पद्धत ठेवावी.

येथे परिपाठात एक गोष्ट समजावून सांगावी लागते. मुले गप्प राहतात त्याचे मोठे कारण भीतीइतकेच ‘चहाडखोर’ हे विशेषण असते. कोणाला तरी अडकवण्यासाठी सांगतात ती चहाडी आणि कोणाची तरी सुटका व्हावी म्हणून सांगतात ती तक्रार, हा फरक तिसरीच्या मुलालाही कळतो; फक्त तो शिक्षकांनी स्वतः पाळला पाहिजे. ‘सारखी काय तक्रार घेऊन येतोस’ हे एक वाक्य महिनाभराच्या परिपाठावर पाणी फिरवते.

पाचवी पायरी: मूल बोलू लागते तेव्हाची दहा मिनिटे

या पायरीचा सराव शिक्षकांच्या बैठकीत प्रत्यक्ष करून घ्यावा, कारण प्रसंग आल्यावर परिपत्रक आठवत नाही. मूल बहुधा सरळ सांगत नाही. ते वही दाखवण्याच्या निमित्ताने मागे रेंगाळते, पोट दुखते म्हणते, किंवा ‘माझ्या मैत्रिणीला ना’ अशी सुरुवात करते. अशा वेळी हातातले काम बाजूला ठेवावे, दार उघडे पण इतरांना ऐकू जाणार नाही अशा जागी बसावे आणि मुलाच्या उंचीला यावे.

‘तू सांगितलंस ते फार बरं केलंस’ आणि ‘यात तुझी काही चूक नाही’ ही दोन वाक्ये पुरेशी आहेत. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. त्याऐवजी ‘तुला मदत करू शकतील अशा माणसांनाच सांगू’ असे म्हणावे. ‘मग तू ओरडली का नाहीस’, ‘तू तिथे गेलासच कशाला’, ‘नक्की ना’ हे प्रश्न कटाक्षाने टाळावेत. काय झाले, केव्हा, कोठे, कोणी, एवढे कळले की थांबावे. तपशील काढणे हे पोलिसांचे आणि समुपदेशकांचे काम आहे. तेच तेच चार जणांना सांगायला लावले, तर मुलाचे हाल होतात आणि जबाबातही विसंगती शिरते.

मूल गेल्यावर लगेच त्याच्याच शब्दांत लिहून काढावे. मुलाने ‘काका मला गुदगुल्या करतात’ असे म्हटले असेल तर तेच लिहावे. आपल्या भाषेत त्याचे ‘अश्लील वर्तन’ करू नये. तारीख, वेळ, स्वाक्षरी घालावी. तक्रार लैंगिक स्वरूपाची असेल तर पालकांना विश्वासात घ्यावे, मात्र आरोप घरातल्याच व्यक्तीवर असेल तर आधी १०९८ किंवा बाल कल्याण समितीशी बोलावे. पोलिसांना लेखी कळवून नोंद क्रमांक मागून घ्यावा, कारण कलम १९ प्रमाणे प्रत्येक माहितीला क्रमांक देऊन ती लिहून घेणे पोलिसांवर बंधनकारक आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी अथवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने आणि गणवेशाशिवाय घ्यावयाचा असतो. शाळेत पोलीस गाडी बोलावून मुलाला सर्वांदेखत नेऊ देऊ नये. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला समोरासमोर आणू नये, मुलाला कपडे बदलायला किंवा धुवायला सांगू नये आणि त्या मुलाचे नाव शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर मुळीच टाकू नये. ओळख उघड करणे हा स्वतंत्र अपराध आहे.

सहावी पायरी: दादागिरीचे धोरण मुलांच्या शब्दांत लिहा

‘शाळेत कोणत्याही प्रकारचा छळ खपवून घेतला जाणार नाही’ या वाक्याने मुलांना काहीच कळत नाही. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी दादागिरीच्या तीन खुणा सांगितल्या: ती जाणूनबुजून होते, पुन्हा पुन्हा होते आणि दोघांच्या बळात फरक असतो. दोन समान मुलांचे एकदाचे भांडण म्हणजे दादागिरी नव्हे, हे शिक्षकांना त्यावरून ठरवता येते. पण धोरणात उदाहरणे आपल्या आवारातली हवीत: डबा हिसकावणे, दप्तर लपवणे, गृहपाठ लिहून घेणे, वर्गाने वाळीत टाकणे, अंगावरून, रंगावरून, बोलण्यावरून टोपणनाव पाडणे, जातीचा किंवा आडनावाचा उल्लेख करून हिणवणे, फोटो काढून गटावर टाकणे. जातिवाचक अपमान अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्याच्या कक्षेतही येऊ शकतो, म्हणून त्याला ‘मुलांची मस्ती’ म्हणून सोडू नये.

टोपणनावांचा उगम अनेकदा आपल्याचकडे असतो, हे मला दुःखाने सांगावे लागते. ऊसतोडीहून एप्रिलमध्ये परतलेला एक मुलगा ‘पानी’ म्हणाला, आणि शिक्षकांनी वर्गाकडे पाहून ‘पानी की पाणी?’ असे तीनदा विचारले. वर्ग हसला. जूनपर्यंत त्या मुलाचे नाव ‘पानी’ पडले होते आणि जुलैत हजेरीपटात त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत गेल्या. त्याच्या घरी सगळे ‘पानी’च म्हणत, त्याचे उच्चार चुकले नव्हते, त्याची बोली वेगळी होती. म्हणून धोरणाचे पहिले कलम शिक्षकांच्या भाषेबद्दल असावे.

तक्रार आल्यावर त्रास झालेल्या मुलाशी आधी आणि त्रास देणाऱ्यांशी नंतर, एकेकट्याने बोलावे. दोघांना दालनात बोलावून ‘चला, हात मिळवा’ म्हणणे ही आपली जुनी सवय आहे, आणि ती घातक आहे. हात मिळवल्यावर बाहेर जिन्यात काय होते ते दुसऱ्या दिवशीच्या चेहऱ्यावर दिसते. त्याऐवजी त्या मुलासाठी छोटी लेखी योजना करावी: बसण्याची जागा, मधल्या सुट्टीत कोणाच्या नजरेत राहायचे, व्हॅनमध्ये कोठे बसायचे आणि काही झाले तर कोणाकडे जायचे. तिसऱ्या दिवशी, पंधरा दिवसांनी आणि महिन्याने त्याच्याशी पुन्हा बोलण्याच्या तारखा तेव्हाच नोंदवहीत लिहाव्यात.

त्रास देणाऱ्या मुलालाही शाळेनेच सांभाळायचे आहे. त्याला मारता येत नाही, परिपाठात उभे करून अपमानित करता येत नाही आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ मुळे शाळेतून काढूनही टाकता येत नाही. नुकसान भरून देणे, सुट्टीतील मोकळीक काही काळ कमी करणे, पालकांसह भेट आणि समुपदेशन या मर्यादेत परिणाम ठरवावेत आणि ते सर्वांना आधीपासून माहीत असावेत. पालकांना बोलावताना ‘तुमचा मुलगा गुंड आहे’ अशी सुरुवात झाली की पुढचे संभाषण संपते. घडलेला प्रसंग तारखेसह सांगावा. घरात मार खाणारे मूल शाळेत हात उगारताना मी अनेकदा पाहिले आहे, त्यामुळे घरची चौकशी आवर्जून करावी.

उरलेला वर्ग मात्र विसरू नये. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठात तयार झालेला ‘किवा’ हा शालेय कार्यक्रम बघ्यांवरच भर देतो, कारण दादागिरी करणाऱ्याला हसणारा प्रेक्षक लागतो. आपल्या वर्गातही मुलांना एवढे शिकवता येते: हसायचे नाही, त्या मुलाला हाक मारून आपल्याबरोबर घ्यायचे, आणि मोठ्या माणसाला सांगायचे.

सातवी पायरी: कर्मचारी, वाहने, कॅमेरे आणि मोबाइल

पॉक्सो नियम २०२० प्रमाणे मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करावी लागते. कंत्राटदाराकडून आलेले सफाई कामगार, सुरक्षारक्षक, क्रीडा प्रशिक्षक आणि व्हॅनचालक यांना यातून वगळू नये. स्कूल बससाठी राज्याचे २०११ चे नियम आहेत आणि परिवहन समितीचे अध्यक्षपद मुख्याध्यापकांकडेच येते; खासगी व्हॅन पालकांनी ठरवली असली तरी चालकाचे नाव, परवाना आणि थांब्यांची यादी शाळेत असावी. कॅमेऱ्यांचे चित्रण आठवड्यातून किमान तीनदा पाहणे शासन निर्णयानुसार अपेक्षित आहे. पाहणाऱ्याने तारीख व स्वाक्षरीची नोंद ठेवावी.

मोबाइलवरील त्रासात धमकी अथवा चिडवणारा मजकूर असेल तर तो पुसू न देता जपून ठेवावा. मात्र मुलाचे अश्लील छायाचित्र असेल तर ‘पुरावा’ म्हणूनही ते स्वतःच्या फोनवर घेऊ नये किंवा पुढे पाठवू नये, कारण तसे करणे हाच गुन्हा ठरू शकतो; तो फोन तसाच ठेवून पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी.

बदली झाली तर

तक्रार नोंदवही सामान्य दप्तरात ठेवू नये. ती कुलपात असावी आणि तिच्या किल्ल्या दोघांकडेच असाव्यात. बदलीच्या वेळी ती पदभार यादीत स्वतंत्र नोंद करून द्यावी आणि पाठपुराव्याच्या ज्या तारखा अजून यायच्या आहेत त्या नव्या मुख्याध्यापकांना समोर बसून वाचून दाखवाव्यात. ज्या मुलाला आपण ‘पंधरा दिवसांनी पुन्हा बोलू’ असे सांगितले आहे, त्याला आपली बदली झाल्याचे स्वतः सांगावे, नव्या मुख्याध्यापकांची ओळख करून द्यावी आणि आता कोण भेटणार आहे हे त्याच्यासमोरच ठरवावे.